गुलाबी कागदाची दुसरी बाजू

मी आयुष्यातलं पहिलं जाहीर पत्रक लिहिलं ते कुठल्या पुढाऱ्याविरुद्ध की सरकारविरुद्ध नाही, तर सख्ख्या बहिणीविरुद्ध. ती नऊ वर्षांची होती. 'यमुनेस अखेरचा इशारा' असा मथळा देऊन मी तिच्या आळसाची एकेक सबब घेतली, प्रत्येकीचा चार ओळींत निकाल लावला आणि कणकेची खळ करून तो कागद गोठ्याच्या दारावर डकवला. शाळा सोडल्यापासून यमीचा मुक्काम तिथंच असायचा. तासाभरानं जाऊन पाहते तर दारावर नुसता ओला चौकोन. खळीच्या वासानं बकरीनं कागद मथळ्यासकट खाल्ला होता. यमी शेजारी मांडी घालून वांग्यांची टोपली निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बकरी शिकली, ताई. आता तिलेच पाठव शाळेत."

मी तेव्हा अठराची होते, आणि खामगावहून नुकतीच घरी परतले होते. तिथं मामाचा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक पायमशीन, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, चार पेट्या आणि शाईनं काळा झालेला एक मामा. शिकायला म्हणून मी त्याच्याकडे राहिले. शाळेत शिकले ते विसरले, पण संध्याकाळी खिळे जुळवताना जे शिकले ते हाडात गेलं. जिनिंगच्या कामगारांची पत्रकं, निवडणुकीची पत्रकं, कुणाच्या तरी निषेधाची पत्रकं, सगळी माझ्या बोटांखालून गेली. मामा म्हणायचा, "पहिल्या ओळीत माणसाची कॉलर धरायची, दुसरीत हलवायची, अन् शेवटपर्यंत सोडायची नाही." हे मला इतकं पटलं की मी बोलायलाही तसंच लागले. माय नुसतं "जेवाले चाल" म्हणाली तरी मी तिला कशाचा तरी जाब विचारायची. आजही माझी सून म्हणते की आई चहा मागतात तोसुद्धा मागणीपत्र दिल्यासारखा. म्हणू दे.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. जळगाव जामोदचा बाजार बैलगाडीनं दोन तासांवर. घर मळ्यातच होतं. वांगी, मिरची, भेंडी आणि बांधावरून लोळत जाणारे गंगाफळाचे, म्हणजे तांबड्या भोपळ्याचे, वेल. पहाटे मोटेच्या चाकाची कुरकुर सुरू व्हायची, तिच्या जोडीला बाबांचं बैलांशी बोलणं. बाबा माणसांशी फार कमी बोलायचे, बैलांशी मात्र पाऊसपाण्यापासून पाहुण्यारावळ्यापर्यंत सगळं. घरात काही कळायचं असेल तर आम्ही विहिरीच्या मागं उभं राहून ऐकायचो. दुपारी माय कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, मिरचीचा ठेचा तव्यावर पडला की घरातले सगळे एका सुरात शिंकायचे, आणि ज्याला शिंक येणार नाही तो आजारी आहे असं समजायचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, भरीत, वर कच्च्या तेलाची धार. एवढ्या वर्षांत एवढी जेवणं जेवले; त्या भरताच्या धुराचा वास कुठं भेटला नाही.

तर यमी. ही पोरगी मूर्ख असती तर मी तिच्या वाटेला गेले नसते. ती बाजारात बाबांच्या शेजारी बसून गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून सांगायची की हा घेणार की नुसताच चिवडणार. वांगं हातात न घेता, टोपलीत टाकल्याच्या आवाजावरून किडकं ओळखायची. आणि अशी पोरगी पहिलीतच शाळा सोडून गोठ्यात बसली होती! मी तिला कॉलरला धरून, म्हणजे परकराला धरून, विचारलं.

"काऊन जात नाही तू?"

"जीव लागत नाही."

"जीव लागाले ते काय सासर हाये?"

"ताई, तूच सांग. वाचाले शिकली, मंग पुढं? आपल्या घरात वाचाले हाये काय? एक कॅलेंडर हाये. त्याच्यातली तिथी मायले न वाचताच माहीत असते."

 उत्तर नसलं की मी आवाज चढवत असे. नव्या राज्यात नव्या शाळा निघाल्या, तुझ्यासारख्यांसाठी गुरुजी पायपीट करत येतात, आणि तू! यमीनं शांतपणे एक किडकं वांगं बकरीकडे फेकलं. बाबांनी हे मोटेवरून ऐकलं असावं, कारण संध्याकाळी ते बैलांना सांगत होते, "पोरीचं मन नाही त ढकलून काय उपयोग? भुलाबाई खेळून घेऊ दे तिले कोजागिरीपर्यंत. मंग मिरची तोडाले माणूस लागतेच."

म्हणजे मला मुदत मिळाली होती. कोजागिरीपर्यंत यमी आपण होऊन शाळेत गेली तर गेली. नाही तर मिरचीच्या वावरात, आणि तिथून परत कुणी शाळेत आल्याचं आमच्या गावात तरी ऐकिवात नव्हतं. एकदा बोटं तिखट झाली की पाटी धरत नाहीत असं लोक हसत हसत म्हणायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

मी तोफ डागली. मामाला मजकूर पाठवला आणि आठवड्याभरात एस्टीच्या टपावरून गुलाबी कागदांचा गठ्ठा आला. एका बाजूला छापलेला, दुसरी बाजू कोरी. मजकूर मला अजून तोंडपाठ आहे आणि अजून थोडी लाज वाटते: 'जाहीर! जाहीर!! जाहीर!!! पालकहो, तुमच्या पोरींचा शत्रू कोण? तुम्ही स्वतः! जो बाप पोरीला शाळेऐवजी वावरात धाडतो तो बाप नव्हे, वाटेतला धोंडा होय! नव्या महाराष्ट्राच्या रस्त्यात अशा धोंड्यांना जागा नाही!' खाली सही, 'एक भगिनी'. जणू गावात दुसऱ्या कुठल्या भगिनीला खिळे जुळवता येत होते.

कागद मी पारावर, विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर लावले. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना वाचता येत नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. वाचता येत होतं ते पारावरच्या तुळशीराम आप्पांना. त्यांना आयुष्यभर एवढं चांगलं काही वाचायला मिळालं नव्हतं. त्यांनी ते चार वेळा, हातवारे करून, 'होय'वर जोर देऊन वाचून दाखवलं. त्या दिवसापासून गावातले बाप एकमेकांना भेटले की म्हणायचे, "राम राम, धोंडा!" आणि दुसरा म्हणायचा, "राम राम, मोठा धोंडा!" इथवर ठीक होतं. पण गोदीच्या आणि सखूच्या बापांनी आपल्या शाळेत नीट जाणाऱ्या पोरी घरी बसवल्या. मी भांडायला गेले तर गोदीचा बाप बिडी पेटवत म्हणाला, "धोंडाच म्हणलं ना तू आमाले? मंग बाई, धोंडा कोठी हलते?"

पोरी शाळेत याव्यात म्हणून पत्रक काढलं, आणि होत्या त्यातल्या दोन कमी झाल्या.  उरलेला गुलाबी गठ्ठा मायनं कोनाड्यात ठेवला आणि त्यात मिरचीचं बी बांधलं, लोणच्याच्या बरणीवर झाकण बांधलं, तेलाच्या दिव्याखाली घातलं. महिनाभर घरात जिकडं पाहावं तिकडं 'जाहीर! जाहीर!!'. बाबांनाही बाहेर कुणी 'राम राम, धोंडा' म्हणत असणार. ते काही बोलले नाहीत. बैलांशीसुद्धा नाही. त्याचंच मला जास्त वाटलं.

तेवढ्यात भुलाबाई बसल्या. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर हा पोरींचा खेळ. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात मातीचे भुलोजी-भुलाबाई, संध्याकाळी टिपऱ्या घेऊन पोरी घरोघर गाणी म्हणत जाणार आणि गाणी संपली की खिरापत. पण ती फुकट मिळत नाही. घरची बाई झाकलेला डबा आणते, कानाजवळ हलवते आणि म्हणते, ओळखा. ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. फुटाणे वेगळे वाजतात, शेंगा वेगळ्या. रेवडी टकटक करते, लाडू दबकत लोळतो. ज्या बाईची खिरापत लवकर ओळखली जाईल तिची नाचक्की, म्हणून बायका डब्यात फडकं कोंबणं, गोट्या टाकणं असले डाव करायच्या. माझी माय यात गावात एक नंबरची बदमाश होती आणि यमी एक नंबरची ओळखणारी. दोघींची महिनाभर जुंपायची. यमी डोळे मिटून डब्याला कान लावायची, श्वास रोखून धरायची. पाच घरं फिरायची, तासन् तास बसायची. आणि म्हणे हिचा जीव लागत नाही!

मी चिडले, आणि चिडले की मला नेहमी अर्धंच दिसायचं. मला दिसलं की पोरं खाऊसाठी काहीही करतात. दुसऱ्या दिवशी मी टोपलीभर फुटाणे-गूळ घेऊन शाळेत हजर. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली आणि एक गुरुजी. गुरुजी मलकापूरकडचे, उंच, सदा टकळीवर सूत कातणारे. पाढे म्हणवतानाही टकळी फिरायची आणि पोराचं चुकलं की थांबायची. टकळी थांबली की पोरगं आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. त्यांना मी सांगितलं, जे मूल येईल त्याला खाऊ. ते म्हणाले, "करून पाहा, शांताबाई." पहिल्या दिवशी खोली भरली. दुसऱ्या दिवशी ओसंडली. तिसऱ्या दिवशी पोट्ट्यांनी हिशेब केला की खाऊ सुटायच्या वेळी मिळतो, म्हणजे सुटायच्याच वेळी यावं. चौथ्या दिवशी दिवसभर खोली रिकामी आणि पाच वाजता दारात रांग. एकानं तर धाकट्या भावाला कडेवर आणून त्याचाही हात पुढं केला. यमी आलीच नाही. "मले घरी भेटते खाऊ," म्हणाली.

परवा नातवाच्या शाळेत गेले होते. तिथं बाई पोरांच्या वहीत चांदण्या चिकटवतात. दहा चांदण्या झाल्या की पेन्सिल. नातू मला विचारतो, "आजी, गोष्ट वाचली तर किती चांदण्या?" मी त्या बाईंना फार बोलणार होते. मग मला माझी फुटाण्यांची टोपली आठवली आणि गप्प बसले. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

त्या चौथ्या दिवशी मी रिकामी टोपली आपटत घरी आले आणि मायसमोर सगळ्या गावाचा निषेध नोंदवला. लोभी पोट्टे, लोभी आईबाप, लोभी जग. माय गंगाफळ चिरत होती. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शांते, तुले वाटते भुलाबाईत पोरी खाऊसाठी येतात?"

"मंग कशासाठी?"

"मूठभर फुटाण्यासाठी पाच घरं कोण फिरते वं? ओळखासाठी येतात. तू त डबा उघडाच नेला."

 मी टोपली खुंटीला अडकवली आणि मांडणीवरून झाकणाचा डबा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मी पितळेचा झाकणाचा डबा गुरुजींच्या टेबलावर ठेवला. नियम तीन, गुरुजींनी फळ्यावर लिहिले. डबा सकाळी प्रत्येकानं एकदाच हलवायचा. उत्तर सुटायच्या वेळी, ओरडून नाही, पाटीवर लिहून. कारण ओरडण्यात मोठी पोरं लहानांना गिळतात आणि पोरांचे आवाज पोरींना. आणि रोज वेगळ्या घरचा डबा, पण ज्या घरचं पोरगं-पोरगी शाळेत, त्याच घरचा. हा तिसरा नियम गुरुजींचा. टकळी फिरवत ते मला म्हणाले, "बापांना तुम्ही सांगून झालं. आता आयांना सांगू."

यमी पहिल्या दिवशी नुसती खिडकीशी आली. आत वसंता पाटील डबा हलवत होता आणि तोंडानं "शेंगा, शेंगा" करत होता. यमीला ते सहन होईना. खिडकीतून ओरडली, "शेंगा काय बे! शेंगा असा आवाज करतेत का?"

गुरुजी म्हणाले, "बाहेरच्यांनी बोलायचं नाही. नियम."

ती आत आली. चिडून, पाय आपटत. डबा कानाशी धरला, डोळे मिटले आणि गालातल्या गालात हसली. मग दिवसभर ते गुपित पोटात घेऊन वर्गात बसून राहिली. सुटायच्या वेळेआधी उठली असती तर दुसऱ्या कुणी ओळखलं असतं. पाच वाजता पाट्या वर झाल्या. यमीच्या पाटीवर एक तिरकी रेघ, एक पुसलेलं काहीतरी आणि थुंकी. तिला शिंगाडे म्हणून कळलं होतं. लिहिता येत नव्हतं. वसंताला काही कळलं नव्हतं, पण लिहिता येत होतं. त्यानं दिवसभर अंदाज बदलत बदलत शेवटी शिंगाडे लिहिलं होतं. झाकण निघालं आणि पहिला शिंगाडा वसंतानं घेतला. वर यमीला म्हणाला, "तुले त आधीच माहीत होतं ना? मंग लिवलं काऊन नाही?"

यमी तडक घरी आली. चुलीपुढं बसली, राख पसरली आणि मला म्हणाली, "शिंगाडे लिहून दाखव. रेवड्या लिहून दाखव. जेवढ्या खिरापती असतेत तेवढ्या सगळ्या दाखव."

मी सांगते, त्या क्षणी माझ्या जिभेवर एक संपूर्ण पत्रक आलं होतं. बघ, मी म्हणत नव्हते? ते मी गिळलं. राखेत बोटानं लिहिलं, शिंगाडे. तिनं खाली गिरवलं. माय भाकरी थापता थापता पाहत होती.

मग काय सांगू. यमी सकाळी वांग्यांच्या टोपल्या उतरवून शाळेत धावायची. आठ दिवसांत तिनं वसंताला हरवलं आणि त्याच्यापुढं पाटी नाचवली. मग वसंता घरी जाऊन आईचे डबे वाजवून पाहायला लागला. गावातल्या बायकांना चेव चढला. कुणी डब्यात राळ्याचे लाडू कापसात गुंडाळून पाठवले, कुणी फुटाण्यांत एकच सुपारी टाकली. सखूच्या आईला तिच्या घरचा डबा जाईना म्हणून झोप येईना. तिची सांजोरी गावात नावाजलेली. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही खुशाल धोंडा व्हा. माह्या डब्याची पाळी चुकली नाही पाह्यजे." दुसऱ्या दिवशी सखू शाळेत, आणि सखू आली म्हणून गोदीही. मी इतक्या शब्दांत ज्या बापांना हलवू शकले नाही, त्यांना सांजोरीच्या एका डब्यानं रस्त्याच्या कडेला लावलं. मला राग यायला हवा होता. आलाही, थोडा.

पण बाबांचा निर्णय जागच्या जागी होता. खेळ संपला की पोरं पांगणार, हे त्यांनाच काय, मलाही दिसत होतं. कोजागिरी चार दिवसांवर आली तेव्हा त्यांनी यमीसाठी मिरची तोडायची लहान टोपली विणून आणली. सुंदर टोपली होती, काठाला रंगीत पट्टी. यमीनं ती उचलून पाहिली आणि परत ठेवली. त्या रात्री राखेत तिनं काय गिरवलं ते मी पाहिलं: ओळीनं तीनदा, 'मिरची'. खिरापतीत मिरची कुणीच घालत नाही.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आमच्या घरची पाळी आली. माय डबा भरताना मला आत येऊ देईना. शाळेत पोरांनी डबा हलवला आणि एकमेकांकडे पाहिलं. आवाजच नाही. वजन नाही. वास नाही. यमीनं कान लावला, पुन्हा मागितला, गुरुजींनी नियम दाखवला. दिवसभर वर्गात टकळीचा आवाज तेवढा होता. पाच वाजता पाट्यांवर जगातलं सगळं हलकं आलं: कापूस, लाह्या, म्हातारीचे केस, वारा. यमीच्या पाटीवर स्वच्छ अक्षरात होतं: 'कागद'.

गुरुजींनी झाकण काढलं. आत एक घडी केलेला गुलाबी कागद. मला वाटलं, मायनं सगळ्या वर्गासमोर माझी फजिती करायची ठरवली. पण घडी कोऱ्या बाजूवर होती आणि त्यावर कोळशानं, एक अक्षर वर एक खाली, काही लिहिलं होतं. गुरुजींनी तो यमीच्या हातात दिला. ओळखलं तिनं, वाचायचा मान तिचा.

यमीनं वाचलं, "घरी या." थोडं थांबली. "खीर."

आणि मग तिला ते अक्षर कुणाचं ते समजलं. आमच्या घरात लिहिता येणारे बाबा थोडेसे, मी आणि आता ती. हे तिघांपैकी कुणाचंच नव्हतं. "ताई," ती दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून ओरडली, "माय! मायनं लिवलं!" इतके दिवस भाकरी थापता थापता माय राखेकडे काय पाहत होती, ते मला तेव्हा कळलं. पण मला काही सुचायच्या आत सगळी शाळा उठली होती. पाट्या खांद्यावर, दप्तरं हवेत. वसंता पुढं, सखू, गोदी, कडेवरच्या भावासकट तो लबाड पोट्टा, सगळे पारावरून, गिरणीवरून, माझ्या पत्रकांच्या फाटक्या कडांसमोरून पळत सुटले. मागून टकळी हातात धरून गुरुजी.

मळ्यात मायनं गंगाफळाची खीर मोठ्या पातेल्यात करून ठेवली होती. ती डब्यात सांडली असती, म्हणून निरोप धाडला, एवढंच तिचं म्हणणं. बाबा मोट सोडून येऊन उभे होते आणि हे टोळधाडीसारखे आलेले पोट्टे पाहत होते. यमीनं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. मग मायकडे पाहिलं. "तू?"

"हाव. मी. काऊन?"

बाबांनी बराच वेळ त्या तीन शब्दांवरून बोट फिरवलं. मग हळूच कागद उलटा केला.  छापलेली बाजू. ती त्यांनी यमीपुढं धरली. "अन् ह्या बाजूले काय हाये? वाच बरं."

यमीनं पाहिलं. मी तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. ते पहिल्या ओळीवरून गेले, दुसरीवरून, धोंड्यापाशी थांबले, पुढं गेले, खाली 'एक भगिनी'पर्यंत पोचले. तिनं सगळं वाचलं होतं, मला शपथेवर सांगता येईल. एकदा माझ्याकडे बघितलं. "काही नाही, बाबा," ती म्हणाली. "ताईनं लिवलं हाये. शाळेत पाठवा म्हणे."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी एवढा कागद भरला?"

"तिले सवय हाये."

माय पातेल्याकडे तोंड करून हसली. बाबा मात्र अजून कागद धरून होते. "अन् त्याच्यात कोठी धोंडा-बिंडा नाही?"

यमीनं कागद पुन्हा निरखून पाहिला, अगदी डब्याला कान लावावा तसा. "मले त नाही दिसला."

बाबांनी कागदाची कोऱ्या बाजूवर घडी घातली आणि टोपीत ठेवला. मग ती रंगीत काठाची टोपली उचलून मायकडे दिली. "हिच्यात लसूण ठेव." आणि खिरीच्या वाट्या घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या शाळेसमोर, बैलांशी बोलायच्या आवाजात, यमीला म्हणाले, "जाय मंग उद्यापासून. पारावर कोणी विचारलं त सांग, धोंडा हालला म्हणा."